आजोबांच्या बळदातलं पाचबारी: वर लिहिलंय 'ब्रिटिश', पण खरंच आहे का?

ढाळजेतला | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं येसराच्या आमटीवरून भांडायलाच येतो. धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

आमचा जुना वाडा अंबड तालुक्यात. माळवद दोन पावसाळ्यांपासून गळतंय, म्हणून यंदा मागचे तीन खण उतरवायला घेतले. खालच्या बळदात बहात्तरच्या दुष्काळानंतर कुणी दाणा टाकला नव्हता. तळाशी तुरीच्या भुसकटात तेलकट मांजरपाटाचं गाठोडं निघालं. मजुराला वाटलं नळाची तोटी आहे. सोडलं तर पिस्तूल!

बारकं आहे, तळहातात मावेल एवढं. नळी अडीच इंच, फिरत्या चक्राला पाच घरं. मूठ लाकडाची, तिच्यावर चौकड्या कोरलेल्या, बुडाशी दोरी ओवायची कडी. नळीच्या मागं, चक्रावरून जी पट्टी जाते तिच्यावर इंग्रजीत ठळक 'ब्रिटिश बुल डॉग'. बाजूला ४१७ हा आकडा. चक्रावर बारीक ठसे आहेत, ते मात्र धड वाचता येत नाहीत. कारण मी संभाजीनगरहून पोचायच्या आत आमच्या चुलतभावानं, बंडूनं, काचकागद आणि रॉकेल घेऊन ते 'साफ' केलं. तासभर घासलं म्हणे. चकाकतंय मात्र छान.

सोबत पत्र्याच्या नळकांड्यात एक उर्दू कागद आहे. त्यावर १३४६ एवढं मला लागलं.

प्रश्न असे. वेब्ली कंपनीनं 'ब्रिटिश बुल डॉग' १८७२ साली काढलं असं वाचलं. मग हे वेब्लीचं का? ४१७ म्हणजे पहिल्या पाचशेतलं का? आणि किंमत? गावात पहिल्या दिवशी एकजण लाख म्हणाला, संध्याकाळपर्यंत पाच लाखांवर गेलं. फोटो जोडतोय.

बीडकर_बाप्पा | सोमवार, रात्री ९.५२

पाच लाख? मपला बी वाडा उतरवतो की मग उद्याच. बळद न्हाई, पण पाडायला काय जातंय.

गोदाकाठ | सोमवार, रात्री १०.०५

ढाळजेतले भाऊ, किमतीचं राहू द्या. मी परभणीत वकिली करते, म्हणून आधी हे वाचा.

आजोबांचा परवाना असेलही, पण तो त्यांच्या नावाचा होता. ते गेल्यावर हत्यार तुमच्याकडं आपोआप येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम २१ आहे. ताबा कायदेशीर राहिला नाही की विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडं जमा करायचं. बिनपरवाना बाळगल्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच. पाच लाखांपेक्षा हा पाचाचा आकडा ध्यानात ठेवा.

आणि कृपा करून पिशवीत घालून मोटरसायकलवर ठाण्यात जाऊ नका. ते नेणंही बाळगणंच आहे. आधी फोन करा, लेखी कळवा, त्यांना वाड्यावर येऊन पंचनामा करू द्या. पावती घ्या. स्थानिक वकील सोबत असू द्या.

भरलेलं आहे का हेही आता हात लावून बघू नका.

ढाळजेतला | सोमवार, रात्री १०.२०

ताई, घाबरवलंत. बंडूनं पहिल्याच दिवशी पाहिलंय, पाची घरं रिकामी आहेत. सध्या देवघराच्या कपाटात कुलूप लावून ठेवलंय. पण नेटवर तर सगळीकडं लिहिलंय की १८९९ च्या आधीचं हत्यार अँटिक धरतात, परवाना लागत नाही?

ह्यूस्टनचा_नांदेडकर | सोमवार, रात्री १०.३१

ते इथलं, अमेरिकेतलं. १९६८ च्या इथल्या कायद्यात १८९८ पर्यंत बनलेलं हत्यार अँटिक धरलंय. तिथं अंबडला ह्यूस्टनचा कायदा चालत नाही भाऊ.

गोदाकाठ | सोमवार, रात्री १०.४४

अगदी. आपल्या कायद्यात कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ती कशी आहे बघा. जुन्या पद्धतीचं, पुराणवस्तूचं मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार, *जे दुरुस्ती करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नाही*. लोक निम्मंच वाक्य वाचतात. शंभर वर्षांचं झालं म्हणून सुटत नाही. आणि ते वापरता येतं की नाही हे तुम्ही-मी नाही ठरवायचं.

जुनाट_लोखंड | मंगळवार, सकाळी ७.१५

वकीलताई म्हणतात ते आधी करा. आता हत्यार कपाटातच राहू दे, काढलेत त्या फोटोंवरच बोलू. मी मूळचा देगलूरचा, हैदराबादेत तीस वर्षं झाली. परवान्यावरच्या जुन्या हत्यारांचा नाद आहे, त्या जोरावर सांगतो.

हे वेब्लीचं नाही. फोटो न बघताही शंभरातल्या नव्वद वेळा हेच सांगितलं असतं, कारण 'ब्रिटिश बुल डॉग' हे कंपनीचं नाव उरलंच नव्हतं, जातीचं झालं होतं. वेब्लीनं बर्मिंगहॅमला १८७२ मध्ये हे आखूड नळीचं, .४४२ मापाचं, खिशात मावणारं पाचबारी काढलं. ते इतकं चाललं की बेल्जियमच्या लिएज शहरातल्या कारखानदारांनी, स्पेनवाल्यांनी, अमेरिकेतल्या फोरहँड अँड वॉड्सवर्थनंही तसंच काढून वर तेच नाव घातलं. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली ती .४४ मापाच्या बुलडॉगमधूनच.

आपल्याकडं पैठणी म्हणून घेतलेलं लुगडं बहुतेक येवल्याचं निघतं ना, तसं. पैठणी हा विणीचा प्रकार. उस्मानाबादी शेळी कुठंही जन्मली तरी उस्मानाबादीच. बुलडॉगचंही तेच. फरक एवढाच की येवल्याची पैठणी चांगली असते, लिएजचं स्वस्त बुलडॉग असेलच असं नाही.

मग खरं कुठं कळतं? वरच्या पट्टीवरची ठळक अक्षरं गिऱ्हाइकासाठी असतात. चक्रावर, नळीच्या बुडाशी, कधी मुठीखाली जे ज्वारीच्या दाण्याएवढे ठसे असतात ते सरकारी चाचणीघराचे. प्रत्येक नळी-चक्रात जास्तीची दारू घालून बार काढायचा, टिकलं तर ठसा मारायचा. त्यात फसवायला गेलं तर कारखानदार आत जायचा. म्हणून जुनं हत्यार हातात आलं की आधी भिंग काढायचं, मोठी अक्षरं शेवटी वाचायची.

तुमच्या सातव्या फोटोत चक्राच्या मागच्या तोंडावर अंड्याच्या आकाराची रेघ आहे. वरचा भाग बंडूरावांच्या कृपेनं सपाट झालाय. खाली मात्र अर्धी चांदणी दिसते आणि तिच्यावर 'जी' अक्षराचं पोट. अंडाकृतीत ई-एल-जी आणि खाली चांदणी, हा लिएजच्या चाचणीघराचा ठसा. ते घर १६७२ पासूनचं. इंग्लंडात तपासलेलं असतं तर बर्मिंगहॅमचे मुकुटाखालचे आडवे-तिडवे राजदंड दिसले असते किंवा लंडनचं मुकुटाखालचं गुंतलेलं 'जीपी'. ते कुठंच नाहीत.

म्हणजे तुमचं 'ब्रिटिश' बेल्जियन आहे.

बीडकर_बाप्पा | मंगळवार, सकाळी ७.४०

लोखंडकाका, पाचाचे किती राहिले मग? म्या पहार काढून बसलोय.

जुनाट_लोखंड | मंगळवार, सकाळी ८.०२

पहार ठेवून द्या बाप्पा. परदेशातल्या लिलावांत साध्या बेल्जियन बुलडॉगला शे-दोनशे डॉलर, फार चांगल्या अवस्थेत असेल तर थोडे वर. खऱ्या वेब्लीच्या नावाला त्याच्या कितीतरी पट. आणि काचकागद मारलेल्याला त्यातलेही निम्मे, कारण मूळ काळसर निळी झाक गेली की ती परत येत नाही. चकाकी म्हणजे साफ नव्हे, सोललेलं.

हे झालं तिकडचं. इकडं परवाना नसलेल्या हत्याराला बाजारभावच नाही. घेणारा परवानाधारक, विकणारा कायदेशीर मालक, मधे परवानाधारक विक्रेता, असं तिन्ही जुळलं तरच व्यवहार. आणि ज्याला परवाना मिळालाय तो आपल्या दोन हत्यारांच्या मर्यादेतली एक जागा सव्वाशे वर्षांच्या बेल्जियनला कशाला देईल? तो कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ घेईल.

४१७ चंही सांगून टाकतो. लिएजची बरीचशी हत्यारं घरोघरच्या कारागिरांकडून व्हायची. नळ्या वेद्र नदीच्या खोऱ्यातल्या गावांत, चक्र दुसरीकडं, जुळणी तिसरीकडं. तुकडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून आकडा घालायचे. तो जुळणीचा आकडा. एकाच आकड्याची डझनभर पिस्तुलं असू शकतात. चक्रावर आणि सांगाड्यावर तोच आकडा असेल तर एवढंच कळतं की चक्र मूळचंच आहे, बदललेलं नाही.

ढाळजेतला | मंगळवार, सकाळी ९.१०

दोन्हीकडं ४१७ च आहे. तेवढंच समाधान.

ठाण्यात फोन केला. सायंकाळी नाही तर उद्या येतो म्हणाले. काका, जाता जाता साल कळेल का हो? आणि आमचे थोरले काका ठाम आहेत की हे जालन्याच्या छावणीतल्या गोऱ्या साहेबानं पणजोबांना बक्षीस दिलं.

जुनाट_लोखंड | मंगळवार, सकाळी ९.४५

थोरल्या काकांना नमस्कार सांगा. होऊही शकतं. हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या निजामी फौजेच्या, छावण्या जालना, औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आत्ताचं अंबाजोगाई, अशा आपल्याच भागात होत्या. गोरे अधिकारी कमरेचं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या पैशानं घ्यायचे, त्यामुळं त्यांत सगळे नमुने सापडतात. पण मराठवाड्यातल्या प्रत्येक जुन्या पिस्तुलामागं एक साहेब असतो आणि प्रत्येक तलवारीमागं एक लढाई. किमतीत गोष्ट धरत नाहीत, कागद धरतात. तुमच्याकडं कागद आहे, तो कुणाला तरी वाचायला द्या.

सालाचं असं. ई-एल-जीच्या अंडाकृतीवर १८९३ पासून मुकुट आला. मुकुट नसेल तर त्याआधीचं, असेल तर नंतरचं. आणि नेमकी तीच जागा बंडूरावांनी घासलीय. नखभर सरकून घासलं असतं तर काय बिघडलं असतं!

दुसऱ्या खुणांवरून अंदाज करता येतो. तपासनिसाचं अक्षर तुमच्या अकराव्या फोटोत चांदणीखाली आहे. १८७७ च्या आधी ते मुकुटाखाली असायचं. आतून पिळाच्या खाचा पाडलेल्या नळीला १८९४ पासून मुकुटाखालचं 'आर' मारत, ते तुमच्या नळीवर दिसत नाही. म्हणजे १८७७ ते १८९३ मध्ये कुठंतरी. पण 'दिसत नाही' हा पुरावा कच्चा, घासलेल्या हत्याराच्या बाबतीत तर फारच.

मंठ्याची_माहेरवाशीण | मंगळवार, दुपारी १.३०

मधेच विचारते. आमच्या मामांच्या परवान्याच्या दुनळीवर 'मँटन, कलकत्ता' असं सुंदर कोरलंय. ती कलकत्त्यात बनली असं सगळे समजतात. तीही पैठणीच का?

जुनाट_लोखंड | मंगळवार, दुपारी २.०५

ताई, तिथं फसवणूक नाही, गैरसमज आहे. मँटन, रॉडा, लायन अँड लायन ही कलकत्त्याची मोठी शस्त्रदुकानं. बंदूक बहुधा बर्मिंगहॅमची, वर दुकानाचं नाव. सराफ दागिन्यावर आपला शिक्का मारतो तसं. नळ्यांच्या पोटाशी ठसे असतील, त्यावरून मूळ कळेल. चांगल्या दुकानाचं नाव असेल तर किंमत वाढते, कारण ही दुकानं वाईट माल ठेवत नसत.

(अवांतर: याच रॉडाच्या मालातली ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं १९१४ च्या ऑगस्टमध्ये बंगालच्या क्रांतिकारकांनी भर दिवसा बैलगाडीवर घालून लांबवली. रॉडाचं नाव दिसलं की मला ती गाडीच आठवते.)

उदगिरी | मंगळवार, दुपारी ३.२०

धागा वाचून काल रात्री वडिलांचं काढून बगितलं. परवाना चालू हाय, काळजी नसावी. नळीवर 'स्मिथ अँड वेसन' असं ढळढळीत. तात्यांनी अमेरिकन म्हणून घेतलेलं, शेताचा एक पट्टा इकून. भिंग लावलं तर 'स्मिथ अँड वेसन'च्या आधी मुंगीएवढं 'फॉर' हाय आणि मागं 'कार्ट्रिजेस'. मुठीवर बी एक गोल चिन्ह, कंपनीच्या चिन्हावानी, पण अक्षरं येगळी लागलालीत. काय समजायचं?

जुनाट_लोखंड | मंगळवार, दुपारी ४.००

एकच प्रश्न. कुठं बारीक 'एबार' किंवा 'स्पेन' दिसतंय का? सांगाड्याच्या डाव्या अंगाला, चापाच्या वर बघा.

उदगिरी | मंगळवार, दुपारी ४.२५

'स्पेन' हाय. च्यायला.

जुनाट_लोखंड | मंगळवार, दुपारी ४.५०

वाईट वाटून घेऊ नका. खोटं लिहिलेलंच नाही, तिथंच तर गंमत आहे. 'स्मिथ अँड वेसनच्या काडतुसांसाठी' एवढंच म्हटलंय, फक्त कंपनीचं नाव मोठ्या टाइपात. एबार हे स्पेनच्या बास्क भागातलं शस्त्र बनवणारं गाव. तिथल्या ओर्बेआ, त्रोकाओला अरांसाबाल, गाराते आनितुआ अशा कारखान्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशी हजारोंनी काढली. त्रोकाओलाचं गोल चिन्ह दोन हात लांबून बघितलं तर स्मिथ अँड वेसनचंच वाटतं. स्पेनमध्ये चाचणी सक्तीची झाली १९२३ मध्ये आणि १९२७ पासून ठशाबरोबर सालाचं अक्षर येऊ लागलं, 'ए' म्हणजे १९२७. असं अक्षर असेल तर साल थेट सापडेल.

दर्जा कारखान्यागणिक वेगळा. काहींचं पोलाद इतकं मऊ की चक्र थोड्याच दिवसांत डुगडुगायला लागतं. उलट गाराते आणि त्रोकाओलाची .४५५ मापाची रिव्हॉल्व्हरं १९१५ मध्ये खुद्द ब्रिटिश सैन्यानं विकत घेतली, पहिल्या महायुद्धात वेब्ली पुरेना म्हणून. स्पॅनिश म्हणजे टाकाऊच असं नाही.

ते वापरायचं मनात असेल तर आधी चांगल्या शस्त्रकारागिराला दाखवा. माप बसतं म्हणून आजचं काडतूस चालतंच असं नाही.

उदगिरी | मंगळवार, सायंकाळी ५.१०

वापरतंय कोण. तात्यांनी उभ्या आयुष्यात दोन बार काढले, दोन्ही दिवाळीला, आभाळाकडं तोंड करून. पट्टा इकलेलं मात्र आईला आजून सांगणार न्हाई म्या.

ह्यूस्टनचा_नांदेडकर | मंगळवार, सायंकाळी ७.००

इकडच्या गहाणवट दुकानांत याचेच अमेरिकन भाऊबंद भरलेले असतात. चक्राला आरपार भोकं पाडायचं रॉलिन व्हाइटचं पेटंट १८५५ चं, हक्क स्मिथ अँड वेसनकडे. ते १८६९ मध्ये संपलं आणि जो तो कारखानदार तुटून पडला. चापाभोवती कडं नाही, .२२ किंवा .३२ माप, निकेलचा मुलामा, आणि नावं ऐका: डिफेंडर, रेड जॅकेट, स्वॅम्प एंजल, ट्रॅम्प्स टेरर. कारखान्याचं नाव शोधून सापडत नाही, ही नुसती दुकानी नावं. इकडचे जमवणारे यांना सुसाईड स्पेशल म्हणतात.

मी एक घेतलं होतं. नळीवर १८७१ चं पेटंट म्हणून १८७१ चं समजून. दुकानदार हसून म्हणाला, पेटंटची तारीख ती, पिस्तुलाची जन्मतारीख नव्हे. त्यानंतर वीस वर्षांनी बनलेल्या मालावरही तीच तारीख असते.

निवृत्त_बातमीदार | मंगळवार, रात्री ८.१५

पंचवीस वर्षं गुन्हेवार्ता केली, म्हणून ही भर. पोलिसांच्या पत्रपरिषदेत टेबलावर मांडलेल्या गावठी कट्ट्यांवर सर्रास 'मेड इन यूएसए' असतं. कधी 'ओन्ली फॉर आर्मी सप्लाय'. ठसा मारणाऱ्याला इंग्रजी येत नाही आणि घेणाऱ्यालाही. सरहद्दीपलीकडं दर्रा आदमखेलच्या नकलांत तर इंग्रजी 'एन' उलटा कोरलेला सापडतो, बर्मिंगहॅमच्या ठशासकट. अक्षर चुकलेलं दिसलं की समजायचं. धागाकर्त्याचं तसलं नाही, ते निदान नीट शिकलेल्या माणसानं फसवलेलं आहे.

दखनी | मंगळवार, रात्री १०.३०

कागद वाचला. फोटो तिरपा आहे, तरी लागला.

हा परवानाच आहे, तुमच्या पणजोबांच्या नावाचा. १३४६ बघून कुणीही हिजरी समजेल आणि १९२७-२८ सांगेल. पण महिना लिहिलाय 'बहमन'. हिजरीत बहमन नाही. हा निजामाच्या दफ्तरातला फसली सन, त्याचे महिने आजूर, दै, बहमन असे इराणी नावांचे आणि वर्ष ऑक्टोबरात सुरू. फसलीत ५९० मिळवायचे. म्हणजे १९३६, आणि बहमन तिसरा महिना, तेव्हा डिसेंबराच्या आसपास.

हत्याराचं वर्णन एका ओळीचं. तमंचा, पाच गोळ्यांचा, नंबर ४१७. आणि पुढं: 'साख़्त इंग्लिस्तान'. साख़्त म्हणजे बनावट.

थोडक्यात काय, त्या कारकुनानंही वरची पट्टीच वाचली.

ढाळजेतला | मंगळवार, रात्री १०.५०

दखनीसाहेब, अंगावर काटा आला. पणजोबांचं नाव पहिल्यांदा उर्दूत ऐकलं, तेही तुमच्याकडून.

म्हणजे घेतलं तेव्हाच ते पन्नास वर्षांचं जुनं होतं? आणि मग बळदात कधी गेलं? आजी सांगायची, पोलीस ॲक्शननंतर हत्यारं जमा करायची दवंडी पिटली तेव्हा गावातल्या निम्म्या लोकांनी विहिरीत टाकली. आमच्याकडं विहीर लांब होती.

जुनाट_लोखंड | बुधवार, सकाळी ६.५०

वा दखनी! ४१७ कागदावर असणं फार महत्त्वाचं. ज्या आकड्याला मी काल कवडीची किंमत दिली नाही त्यानंच हे हत्यार आणि हा कागद एकमेकांना बांधले. जमवणाऱ्याच्या दृष्टीनं आता पिस्तुलापेक्षा कागद मोलाचा.

ढाळजेतला | बुधवार, दुपारी १२.१५

दोन बातम्या.

पहिली. ज्या मजुराला ते सापडलं त्यानं बंडूच्या हाती पडायच्या आधी फोटो काढून व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवला होता! आज कामावर आल्यावर त्यानं मला पाठवला. चक्राची मागची बाजू, भुसकट चिकटलेलं, पण अंडाकृती पूर्ण. ई, एल, जी, खाली चांदणी. मुकुट नाही.

जुनाट_लोखंड | बुधवार, दुपारी १२.२२

मोठा करून पाहिला. मुकुट नाही! १८९३ च्या आधीचं, पक्कं. चांदणीखालचं अक्षर धरून १८७७ नंतरचं. त्या मजुराला पेढे द्या.

गोदाकाठ | बुधवार, दुपारी १२.३०

स्टेटसला?! म्हणजे तालुक्याला आधीच माहीत होतं. बरं झालं लवकर कळवलंत. दुसरी बातमी सांगा.

ढाळजेतला | बुधवार, दुपारी १.१०

दुसरी. सकाळी ठाण्यातून दोघं आले, पंचनामा झाला. माणसं चांगली होती, चहा घेतला, बळदात उतरून बघितलं. हत्यार सीलबंद करून नेलं, पावती दिली. फक्त पंचनामा वाचून दाखवला त्यात होतं: 'एक ब्रिटिश बनावटीचे रिव्हॉल्व्हर'. मी म्हटलं साहेब, बेल्जियन आहे. ते पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, लिहिलंय की इथं.

आमच्या वकिलांनी मधे पडून 'वर ब्रिटिश बुल डॉग अशी इंग्रजी अक्षरे असलेले' असं करून घेतलं.

गोदाकाठ | बुधवार, दुपारी १.२५

छान केलं. पंचनाम्यात दिसतं तेवढंच लिहायचं, बनावट तज्ज्ञानं सांगायची. पुढं वारस म्हणून ठेवायचं असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात मुदतीत अर्ज करा, नाही तर ते सरकारजमा होतं. नको असेल तर तसंही लेखी द्या. कुणी व्यनितून (खासगी निरोपातून) लाखाची ऑफर दिली का?

ढाळजेतला | बुधवार, दुपारी १.४०

दोघांनी. एकजण म्हणाला आगाऊ वीस हजार 'तपासणी फी' पाठवा, पाच लाख घरपोच. उत्तर दिलं नाही.

अर्ज करायचा की नाही ते घरात ठरेना. थोरले काका म्हणतात साहेबानं दिलेलं सोडायचं नाही. मी म्हटलं बेल्जियमचा साहेब का? तेव्हापासून बोलत नाहीत.

दखनी | बुधवार, दुपारी २.३०

हत्याराचं काय करायचं ते करा, कागद जपा. जुनी शाई आहे, पाणी लागलं की पसरेल. उन्हात धरू नका, चिकटपट्टी लावू नका, आणि प्लॅस्टिकमध्ये गरम करून बंद करणं तर अजिबात नको. साध्या पांढऱ्या कागदात, सपाट ठेवा. परवानगी असेल तर पुढच्या महिन्यात येऊन नीट फोटो घेतो.

ढाळजेतला | बुधवार, दुपारी २.४१

दखनीसाहेब, कधीही या. येसराची आमटी करू.

पण उशीर झाला हो. बंडू सकाळीच अंबडला जाऊन लॅमिनेट करून आलाय. दोन्ही बाजूंनी.

बीडकर_बाप्पा | बुधवार, दुपारी २.४४

त्या बंडूला पहिलं सीलबंद करायचं होतं.